एससीएक्स१० टू : पुढच्या ॲक्सलला पितळ लावल्यावर स्प्रिंगा कडक कराव्यात का?

कातळवाट (पुणे)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ॲक्सियल कंपनीची एससीएक्स१० टू ही किटमधून स्वतः जोडलेली क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी आहे. अलीकडे मी पुढच्या नकलवर (चाक वळवणाऱ्या ॲक्सलच्या टोकावर) आणि पुढच्या चाकांच्या आत मिळून सुमारे २०० ग्रॅम पितळ बसवले आणि बॅटरीही पुढे, मोटरच्या जवळ घेतली. चारही शॉक (धक्के शोषणारे, स्प्रिंग बसवलेले दांडे) ९० मिलिमीटर लांबीचे असून त्यांची आत-बाहेर होण्याची चाल ३० मिलिमीटर आहे. चारींमध्ये सारख्याच स्प्रिंगा आणि ३० वेटचे (वेट म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा) सिलिकॉन तेल आहे.

वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीजवळच्या दगडांवर गाडी चालवताना मला दोन गोष्टी खटकतात. पहिली अशी की उभ्या चढावर, पुढे एवढे वजन देऊनही, गाडीचे नाक वर उचलले जाते आणि पुढची चाके दगडावर नुसती टेकलेली राहतात. दुसरी अशी की थ्रॉटल दिल्याबरोबर गाडी मागच्या उजव्या कोपऱ्यावर बसते आणि पुढचा डावा कोपरा वर येतो. आडव्या उतारावर यामुळे ती दोनदा उलटता उलटता राहिली.

वजन वाढले म्हणजे पुढे कडक स्प्रिंग हवी, असे मला वाटते. पण किती कडक, हे कसे ठरवावे? स्प्रिंगा परदेशातून मागवाव्या लागतात, त्यांवर कर भरावा लागतो आणि एका कंपनीची लाल स्प्रिंग दुसऱ्या कंपनीच्या लाल स्प्रिंगेइतकीच कडक असेल याची काहीच शाश्वती नसते. त्यामुळे अंदाजाने तीन-चार जोड मागवण्यापेक्षा हिशेब करून एकच जोड मागवावा, अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दगडधोंडे (नाशिक)

आपण माहिती नीट दिली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल. सर्वांत आधी एक मूलभूत बाब सांगतो, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. नकलवर आणि चाकांत बसवलेले पितळ स्प्रिंगेवर अजिबात भार टाकत नाही. चाके, ॲक्सल, नकल आणि लिंकांचे (ॲक्सल चॅसीला जोडणाऱ्या दांड्यांचे) जवळपास अर्धे वजन हे सगळे स्प्रिंगेच्या खाली असते आणि ते थेट जमिनीवर टेकते. स्प्रिंग उचलते ते फक्त तिच्या वरचे वजन, म्हणजे चॅसी, गिअरबॉक्स, मोटर, बॅटरी, चॅसीवर बसवलेला सर्व्हो (चाके वळवणारी मोटर) आणि बॉडी. त्यामुळे २०० ग्रॅम पितळासाठी स्प्रिंग बदलण्याचे कारण नाही. बॅटरी पुढे नेली तेवढाच काय तो पुढच्या स्प्रिंगांचा भार वाढला आहे.

आता हिशेब. स्वयंपाकघरातले दोन डिजिटल काटे घ्या, पुढची चाके एकावर आणि मागची दुसऱ्यावर ठेवा, आणि गाडी समतल आहे ना ते पाहून दोन्ही आकडे टिपून घ्या. मग शॉक आणि लिंका सोडवून पुढचा व मागचा ॲक्सल चाकांसकट वेगवेगळा तोला. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की त्या टोकाला स्प्रिंगांवर येणारे वजन मिळते. तुमच्या बांधणीच्या गाडीत ते पुढे ९०० आणि मागे ७०० ग्रॅमच्या आसपास भरेल असे मी धरतो, म्हणजे पुढच्या प्रत्येक शॉकवर ४५० आणि मागच्या प्रत्येकावर ३५० ग्रॅम.

यानंतर गाडी स्वतःच्या वजनाने किती खाली बसावी, म्हणजे सॅग किती हवा, हे ठरवायचे. शर्यतीच्या गाड्यांपेक्षा क्रॉलरला जास्त सॅग लागतो, कारण चाक खड्ड्यात उतरताना शॉकला खाली पसरायला जागा हवी. मी चालीच्या ४० टक्क्यांपासून सुरुवात करतो. ३० मिलिमीटरच्या ४० टक्के म्हणजे १२ मिलिमीटर. ४५० ग्रॅम भागिले १२ म्हणजे दर मिलिमीटरला साडेसदतीस ग्रॅम ही पुढची स्प्रिंग, आणि ३५० भागिले १२ म्हणजे सुमारे २९ ग्रॅम ही मागची. ॲक्सियल आपल्या स्प्रिंगांचा आकडा पौंड प्रति इंच असा देते. १ पौंड प्रति इंच म्हणजे जवळपास १७.९ ग्रॅम प्रति मिलिमीटर. त्या हिशेबाने पुढे २.१ आणि मागे १.६ हे आकडे येतात.

हा हिशेब शॉक जवळपास उभा असताना लागू पडतो. शॉक आडवा कलवला की चाकाला जाणवणारा कडकपणा झपाट्याने घटतो. तो कोनाच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे उभ्यापासून ३० अंशांवर पाऊण आणि ४५ अंशांवर थेट निम्मा. शॉक टॉवरवर दोन-तीन भोके दिलेली असतात त्याचा खरा उपयोग हाच आहे, आणि नवी स्प्रिंग मागवण्यापूर्वी तो करून पाहायला पैसे पडत नाहीत.

मात्र खरेदीआधी हातातल्या स्प्रिंगा मोजा. काट्यावर लाकडाचा सपाट तुकडा ठेवून त्यावर स्प्रिंग उभी करा, स्प्रिंग वाकू नये म्हणून आतून एक सैल बसणारा बोल्ट घाला, आणि ड्रिल स्टँडमध्ये धरलेल्या सपाट दांड्याने ती बरोबर १० मिलिमीटर दाबा. व्हर्नियरने दाब तपासा. काट्यावर दिसणाऱ्या ग्रॅमना १० ने भागले की तुमची स्प्रिंग कळली. सुरुवातीचे एक-दोन मिलिमीटर सोडून मधल्या भागात मोजा, कारण टोकांचे वेढे आधी मिटतात आणि आकडा फसवा येतो.

लालखडक (युटा)

वरील हिशेबाशी मी सहमत आहे, पण आपली दुसरी तक्रार स्प्रिंगेच्या कडकपणाची नाही, असे माझे मत आहे. थ्रॉटल देताच गाडी एका कोपऱ्यावर बसणे म्हणजे टॉर्क ट्विस्ट. गिअरबॉक्स चॅसीवर असतो आणि ड्राइव्हशाफ्ट ॲक्सलला पिळतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून चॅसी उलट दिशेने कलते. आमच्याकडच्या मोआबच्या वालुकाश्मावर टायरची पकड इतकी घट्ट असते की हा दोष चटकन उघडा पडतो, कारण चाक घसरून तो पीळ सुटू देत नाही. तुमच्याकडच्या बेसॉल्टवर धूळ असेल तेव्हा तो लपेल आणि दगड कोरडा, स्वच्छ असेल तेव्हा दिसेल.

ट्रॅक्सस कंपनीच्या टीआरएक्स-४ या क्रॉलरमध्ये हा त्रास कमी जाणवतो, त्याचे कारण तिचे पोर्टल ॲक्सल. शेवटची गती-घट चाकाच्या अगदी जवळ होत असल्यामुळे, चाकावर तेवढाच जोर देण्यासाठी ड्राइव्हशाफ्टला कमी पीळ लागतो. तुमच्या गाडीच्या एआर४४ ॲक्सलमध्ये ती सोय नाही, म्हणून स्प्रिंग जितकी मऊ तितकी चॅसी अधिक कलणार. पण म्हणून चारही स्प्रिंगा कडक केल्या तर खडकावर चाक टेकवण्याची गाडीची क्षमता आपण हातची घालवतो, आणि ती गमावली की क्रॉलर उरतच नाही.

माझा क्रम असा. आधी चारही स्प्रिंगा काढा आणि ॲक्सल हाताने वर-खाली, तिरपा करून पाहा. तो स्वतःच्या वजनाने सहज खाली पडला पाहिजे. लिंकेचा एखादा बोल्ट प्रमाणाबाहेर आवळलेला असतो, एखाद्या रॉड एंडमध्ये (लिंकेच्या टोकाच्या सांध्यात) माती गेलेली असते किंवा शॉकचा दांडा किंचित वाकलेला असतो, आणि माणूस दोष मात्र स्प्रिंगेला देत बसतो. हे सगळे मोकळे झाल्यावर गाडीचा पुढचा बंपर भिंतीला टेकवून अगदी हलका थ्रॉटल द्या आणि कोणता कोपरा खाली जातो ते नीट पाहा. त्या कोपऱ्याच्या शॉकची कॉलर (स्प्रिंग वरून दाबून धरणारी फिरती कडी) एक ते दोन मिलिमीटर खाली फिरवा. २९ ग्रॅमच्या स्प्रिंगेवर दोन मिलिमीटर म्हणजे ५८ ग्रॅमचा जादा जोर. एवढ्या हलक्या गाडीला तो कमी नाही. एका कोपऱ्याचा प्रीलोड (कॉलरने स्प्रिंगेला आधीच दिलेला दाब) वाढवला की त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यावरही भार वाढतो आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांवरचा कमी होतो, म्हणून नंतर चारही चाकांखाली काटे ठेवून तफावत फार झाली नाही ना हे पाहून घ्या.

प्रीलोडने स्प्रिंग कडक होते, असे येथेही अनेकजण लिहितात. तसे होत नाही. कॉलर फिरवल्याने गाडीची उंची बदलते, दर मिलिमीटरचे ग्रॅम तेवढेच राहतात.

उतारवाट (रत्नागिरी)

मी थोडे वेगळे मत मांडतो. आमच्याकडचा जांभा खरखरीत, भोकाभोकांचा असतो. पकड उत्तम, पण कडे उभे आणि खड्डे अचानक येतात. अशा ठिकाणी मी पुढच्या शॉकमधून बाहेरची स्प्रिंग पूर्ण काढून टाकली आहे आणि आत, पिस्टनच्या वर, फक्त एक अगदी मऊ छोटी स्प्रिंग ठेवली आहे. गाडी जवळपास तळाला बसलेली असते आणि चाके मात्र खूप खाली लोंबू शकतात. गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे आडव्या उतारावर गाडी घट्ट बसून राहते. स्प्रिंग निवडण्याचा प्रश्नच मिटतो.

दगडधोंडे (नाशिक)

उतारवाट, आपली मांडणी आडव्या उतारासाठी अगदी योग्य आहे, पण कातळवाट यांची पहिली तक्रार चढावर नाक उचलण्याची आहे, म्हणून तिचा आकड्यांत विचार करू.

सपाटीवर पुढच्या स्प्रिंगांवर ९०० आणि मागच्यांवर ७०० ग्रॅम धरले. या गाडीचा व्हीलबेस सुमारे ३१२ मिलिमीटर आहे. स्प्रिंगेवरच्या वजनाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० मिलिमीटरवर आहे असे मानू आणि लिंकांच्या कोनाचा परिणाम क्षणभर बाजूला ठेवू. ४० अंशांच्या चढावर पुढचा भार ९०० वरून सुमारे ३९० ग्रॅमवर येतो आणि मागचा ७०० वरून ८३५ वर जातो. म्हणजे मागच्या प्रत्येक शॉकवर फक्त ६८ ग्रॅमची भर पडली, पण पुढच्या प्रत्येक शॉकवरून तब्बल २५५ ग्रॅम निघून गेले. मी वर सुचवलेल्या स्प्रिंगांवर मागची बाजू सव्वादोन मिलिमीटरच बसेल, पुढची मात्र जवळपास सात मिलिमीटर वर उसळेल.

तात्पर्य असे की नाक उचलते ते मागची बाजू बसते म्हणून नव्हे, तर सपाटीवर दाबल्या गेलेल्या पुढच्या स्प्रिंगा चढावर मोकळ्या होऊन चॅसीला वर ढकलतात म्हणून. त्यामुळे गुरुत्वमध्य आणखी मागे व वर सरकतो आणि तोल अधिकच ढळतो. मोठ्या, माणूस बसतो त्या रॉक क्रॉलर गाड्यांमध्ये पुढचा ॲक्सल चॅसीकडे खेचून धरण्यासाठी एक छोटी विंच लावतात, ती याच कारणासाठी. चढ आला की चालक विंचने पुढची बाजू खाली ओढतो आणि स्प्रिंगांना पसरूच देत नाही.

आपल्या गाडीत हेच काम शॉकच्या आत पिस्टनच्या खाली दांड्यावर घातलेली एक साधी नळी करते. शॉक तिच्या लांबीएवढा कमी पसरतो. सपाटीवरची उंची बदलत नाही, कारण तिथे शॉक पूर्ण पसरलेला नसतोच. मात्र चढावर तो मर्यादेला टेकला की पुढचा ॲक्सल चॅसीला लटकतो, आणि आपण नकलवर बसवलेले पितळ त्या क्षणी पहिल्यांदा चॅसीचे नाक खाली धरायला लागते. तोवर ते फक्त टायर दाबत होते. याची किंमत अशी की खड्ड्यात चाक तितके खाली जाणार नाही. चढ जास्त असतील तर नळी लांब ठेवा, उतारवाट यांच्यासारखे खड्डे असतील तर आखूड.

कातळवाट (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. वजने केली. गाडी २.९ किलोची भरली, पुढे १,६५० आणि मागे १,२५० ग्रॅम. पुढचा ॲक्सल चाके व पितळासकट ७५० आणि मागचा ५५० ग्रॅमचा आहे. म्हणजे स्प्रिंगांवरचे वजन नेमके ९०० आणि ७०० ग्रॅम निघाले. दगडधोंडे यांचा अंदाज इतका अचूक ठरेल असे वाटले नव्हते.

स्प्रिंग १० मिलिमीटर दाबल्यावर काट्याने ३१८ ग्रॅम दाखवले, म्हणजे दर मिलिमीटरला ३१.८ ग्रॅम. आपल्या साडेसदतीसच्या तुलनेत ती मऊ आहे. माझ्याकडे याच स्प्रिंगांचा आणखी एक जोड आहे. तार व्हर्नियरवर ०.९ मिलिमीटर भरते, तारेच्या मध्यापासून मोजलेला व्यास १२ मिलिमीटर, एकूण वेढे १४ आणि मोकळी लांबी ४५ मिलिमीटर. यातले दोन वेढे कापले तर स्प्रिंग हव्या तेवढी कडक होईल का?

तारवेढा (कोल्हापूर)

कडक नक्की होईल. तारेच्या घट्टपणाचा स्थिरांक, तारेच्या जाडीचा चौथा घात, व्यासाचा घन आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या या चारांवर स्प्रिंगेचा कडकपणा ठरतो. आपल्या स्प्रिंगेत दोन टोकांचे मिटलेले वेढे सोडले तर काम करणारे वेढे १२ आहेत. दोन कापून नवे टोक पुन्हा मिटवले की १० उरतील. वेढ्यांच्या उलट प्रमाणात कडकपणा वाढतो, म्हणून ३१.८ गुणिले १२ भागिले १० म्हणजे ३८.२ ग्रॅम. कागदावर हे आपल्याला हवे तसेच दिसते.

पण चाल तपासा. आज आपली स्प्रिंग ४५ मिलिमीटर आहे आणि पूर्ण मिटली की १४ वेढे गुणिले ०.९ म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या आसपास होते. म्हणजे ती ३२ मिलिमीटर दबू शकते आणि शॉकची चाल ३० असल्यामुळे ते पुरते. कापल्यावर लांबी ३८ च्या जवळ येईल आणि मिटलेली लांबी ११ च्या जवळ. उरले २७. म्हणजे शॉक तळाला जायच्या तीन मिलिमीटर आधीच वेढ्यावर वेढा बसेल आणि गाडी दगडावरून उतरताना तिथे लाकडासारखी आदळेल. वर कॉलरने प्रीलोड दिला तर तेवढी चाल आणखी कमी होईल. म्हणून कापणे हा उपाय आखूड चालीच्या शॉकलाच शोभतो.

त्याऐवजी जाड तारेची स्प्रिंग घेताना मात्र सावध राहा. जाडीचा चौथा घात असल्यामुळे तोच व्यास आणि तेवढेच वेढे ठेवून तार ०.९ ऐवजी १ मिलिमीटर घेतली तर कडकपणा ३१.८ वरून थेट साडेअठ्ठेचाळीसवर जातो. डोळ्यांना जो फरक जेमतेम दिसतो, तो गाडीला निम्म्याने अधिक कडक करतो. तारेचा व्यास मोजताना रंगाचा थर खरवडून मगच व्हर्नियर लावा. त्या थरामुळेही आकडा फसतो. आणि मऊ स्प्रिंग ओढून लांब करू नका. ओढल्याने गाडी थोडे दिवस उंच राहते, कडकपणा तेवढाच राहतो आणि तार पुन्हा बसते.

स्वतः वळायची असेल तर पियानो वायर घ्या. लेथवर दांडा हव्या त्या आतल्या व्यासापेक्षा बारीक ठेवावा लागतो, कारण सोडताच तार उलगडते. वळल्यानंतर सुमारे २५० अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून तिचा ताण घालवला नाही, तर पहिल्या काही वापरांतच ती बसते.

लालखडक (युटा)

तारवेढा यांनी फार मोलाचे सांगितले. कातळवाट, आपल्या मोजमापांवरून माझे स्पष्ट मत आहे की पुढची स्प्रिंग बदलू नका. ३१.८ च्या स्प्रिंगेवर ४५० ग्रॅम म्हणजे १४ मिलिमीटर सॅग, मागे ३५० ग्रॅम म्हणजे ११ मिलिमीटर. नाक मागच्या बाजूपेक्षा तीन मिलिमीटर खाली आहे आणि क्रॉलरला ते चांगलेच आहे. ४० अंशांच्या चढावर पुढची बाजू आठ मिलिमीटर उसळेल. शॉकला खाली पसरायला १४ आहेत, म्हणून तिला कोणी अडवत नाही. आत आठ मिलिमीटरची नळी घातली की सहाच उरतील.

शॉक उघडणारच आहात तर हवाही तपासा. तेल भरून टोपण लावल्यावर, स्प्रिंग न घालता दांडा पूर्ण आत दाबा. तो तिथेच राहिला किंवा अगदी सावकाश थोडासा बाहेर आला तर ठीक. जोरात बाहेर येत असेल तर आत अडकलेली हवाच स्प्रिंगेचे काम करत आहे, आणि इतक्या मऊ स्प्रिंगेच्या जोडीला ती सगळा हिशेब बिघडवते. दांडा पूर्ण आत असताना टोपण शेवटचे आवळा. तेल बदलताना वेटच्या आकड्यावर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनीचे वेट वेगळे. बाटलीवरचा सेंटिस्टोकचा (दाटपणाच्या एककाचा) आकडा पाहा. असोसिएटेड कंपनीचे ३० वेट ३५० सेंटिस्टोक आहे. तेलाने सॅग बदलत नाही, फक्त गाडी तिथवर किती वेगाने पोहोचते ते बदलते, म्हणून स्प्रिंग आणि नळी पक्की झाल्यावरच त्याला हात लावा.

कातळवाट (पुणे)

ठरले. स्प्रिंगा आहेत त्याच ठेवतो. स्प्रिंगा काढून ॲक्सल हलवून पाहिला तेव्हा मागच्या वरच्या उजव्या लिंकेचा रॉड एंड अडकत असल्याचे आढळले. तो बदलल्यावर भिंतीच्या चाचणीत मागचा कोपरा पूर्वीपेक्षा बराच कमी बसतो, आणि उरलेल्यासाठी कॉलर दीड मिलिमीटर फिरवली आहे. पुढच्या शॉकमध्ये आठऐवजी सहा मिलिमीटरची नळी घालतो आहे, कारण खाणीजवळ चढांबरोबर खोल भेगाही आहेत आणि तिथे चाक खाली जायला हवे. उतारवाट, आपली आतल्या स्प्रिंगेची मांडणी मी दुसऱ्या जोडाच्या शॉकमध्ये करून पाहणार आहे. त्या आतल्या स्प्रिंगेची लांबी आणि तारेची जाडी कळवाल का?

उतारवाट (रत्नागिरी)

अवश्य. आज शॉक उघडून व्हर्नियरने मोजतो आणि याच धाग्यावर लिहितो. तोवर आपल्या शॉकच्या बॉडीचा आतला व्यास मोजून ठेवा, कारण आतली स्प्रिंग बॉडीच्या भिंतीला घासली तर ती कितीही मऊ असली तरी शॉक अडकेल.